कुत्र्याच्या नावात अडकलेली तार

बिरिवाच्या किनाऱ्यावर मासे धुरावायच्या भट्ट्या विझायला लागल्या, की आराबा ओतुवा अंगणात यायची, कमरेवर हात ठेवायची आणि घसा ताणून हाक मारायची, "बघवत नाही! ए बघवत नाही! कुठं तडफडलास? ये गिळायला."

हाक कुत्र्याला असायची. तांबडा, एक कान मोडलेला, पोटाचा मोठा आणि कामाचा छोटा असा तो कुत्रा. पहिल्या हाकेला तो आला, तरी आराबा आणखी दोन-तीन हाका मारून घ्यायची. कारण बिरिवात कुत्र्याचं नाव कुत्र्यासाठी कुणी ठेवत नाही. शेजाऱ्याला तोंडावर बोललं तर पंच बसतात, माफी मागावी लागते, वर जिनची बाटली ठेवावी लागते. कुत्र्याला हाक मारली म्हणून आजवर कुणाला पंचांनी बोलावलेलं नाही. केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उंडे, विकणाऱ्या बाईच्या कुत्रीचं नाव होतं 'लग्नाचं काय झालं'. ती हाक मारायला लागली, की समोरचा शिंपी दुकानाची फळी आतून लावून घ्यायचा. चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्याच्या कुत्र्याचं नाव 'देव सगळं ऐकतो'. तो कुणासाठी होता हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त पाद्रीबाबांना नव्हतं.

'बघवत नाही' कुणासाठी, याबद्दल गावात एकमत होतं. आराबाच्या शेजारी एग्या बुदू राहायचे. एग्या म्हणजे आपल्याकडं बापू म्हणावं तसं. पिकलेल्या मिशा, रुंद छाती, स्वतःची होडी, आणि बोलायला लागले की वारा पडेपर्यंत थांबायचे नाहीत. आराबाच्या नव्या घराच्या भिंती उभ्या राहायला लागल्या त्याच सुमाराला ते कुत्र्याचं पिल्लू आलं, आणि नाव कानावर पडताच एग्या बुदूंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी केप कोस्टहून रंगारी बोलावला. होडीच्या कडेवर आधी 'देवाची कृपा' असं लिहिलेलं होतं. ते खरवडून काढलं आणि लाल-पिवळ्या अक्षरांत लिहून घेतलं: 'बघण्यासारखं आहे काय?'

गाव खूश झालं. संध्याकाळी कुत्र्याचा सवाल आणि सकाळी होडीचा जवाब. चार वर्षं हा खेळ चालला. लांबच्या गावची होडीवाली माणसंही वाकडी वाट करून ती अक्षरं बघायला यायची. आराबा आणि एग्या बुदू रस्त्यात भेटले, तर मात्र अगदी सभ्यपणे एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करायचे.

आराबाची तब्येत म्हणजे तिचे डोळे. कळायला लागल्यापासून ती आईच्या भट्टीशी बसली होती. मासे जाळीवर मांडायचे, खाली ओली लाकडं घालायची, धूर बरोबर लागला पाहिजे म्हणून सारखं वाकून बघायचं. नवरा मासेमारीला आबिजानकडं गेला आणि तिकडचाच झाला. पहिली दोन वर्षं त्याचे निरोप यायचे, मग तो ज्याच्या हाती निरोप पाठवायचा त्या माणसाचे निरोप यायला लागले, मग तेही थांबले. आराबा रडत बसली नाही. धुरानं डोळ्यांतून तसंही पाणी यायचं, त्यात वेगळं रडायला जागा कुठली? तिनं घर बांधायला घेतलं. हंगाम चांगला गेला की सिमेंट आणायचं, अंगणात साच्यात विटा पाडायच्या, सुकवून रचून ठेवायच्या. हंगाम वाईट गेला की विटांवर गवत उगवायचं. दोन खोल्या, पुढं पडवी, मागं मोरी. स्वतःला राहायला नव्हे, कुटुंबाच्या जुन्या घरात तिची खोली होतीच. हे घर भाड्यानं द्यायचं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं होतं, "धूर सोडा, नाहीतर दिसणं सोडा." भाडं सुरू झालं तर धूर सोडता येणार होता. नाही झालं, तर दिसेपर्यंत भट्टी आणि मग कुणाच्या तरी पडवीत काठी घेऊन बसणं. एवढा सरळ हिशेब होता.

आणि भाडेकरूही अगदी मनासारखी मिळाली. दवाखान्यात नवी सुईण आली होती, सिस्टर देदे. अक्राची बाई, नाजूक आवाजाची, पण शब्दाची पक्की. तिनं घर फिरून बघितलं, नळ उघडून बघितला, खिडकीला टिचकी मारून बघितली. म्हणाली, "घर आवडलं, आंटी. फक्त वीज हवी. मला अवेळी बोलावणी येतात, अंधारात पिशवी शोधत बसता येत नाही. मी रविवारी सामान घेऊन येते. दिवा लागलेला असला तर इथं उतरवते. नसला तर अनोमाबूला एक खोली बघून ठेवलीय, तिथं जाते."

आराबा म्हणाली, दिवा काय, दिवे लागतील. घरात तारा ओढून झाल्या होत्या, तपासनीस येऊन गेला होता, भिंतीवर मीटरची पेटी बसली होती. खांबापासून पेटीपर्यंत तेवढी जोडणीची तार ओढायची राहिली होती, आणि त्या आठवड्यात वीजवाल्यांची गाडी गावातच येणार होती.

गाडी आली ती मंगळवारी, आणि तिथंच घोळ झाला.

मंगळवारी समुद्र विश्रांती घेतो. त्या दिवशी फांटी कोळ्यांच्या किनाऱ्यावर कुणी होडी लोटत नाही, देवाचाच दिवस तो. म्हणून मंगळवारी गावातला प्रत्येक कोळी घरी असतो आणि अंगणात जाळं पसरून त्याची भोकं शिवत असतो. पण लाइनमनांचा फोरमन इद्रिसू उत्तरेकडचा माणूस. त्याच्या गावापासून समुद्र दोन दिवसांच्या वाटेवर. त्याला मंगळवार म्हणजे सोमवारनंतरचा वार, एवढंच माहीत होतं. बुधवारी आला असता तर एग्या बुदू पाण्यावर असते, तार लागली असती आणि ही गोष्ट झालीच नसती.

इद्रिसूनं मीटरची पेटी बघितली, मग गल्लीत इकडं तिकडं बघितलं आणि विचारलं, "आंटी, खांब कुठाय?"

आराबानं हात करून दाखवला आणि तिचा हात हवेतच राहिला. तिनं अर्ज केला तेव्हा खांब तिच्या दारासमोर होता. मागच्या भरतीत समुद्रानं गल्लीची कड खाल्ली, खांब कलला, तो काढून नेताना तिनं स्वतः बघितला होता. तिला वाटलं, त्याच जागी नवा येईल. नवा आला होता, पण टणक जमीन बघून, एग्या बुदूंच्या अंगणामागं. एग्या बुदूंच्या बाजूला बघायचं नाही असा तिचा चार वर्षांचा नेम असल्यामुळं तिच्या ते ध्यानातच आलं नव्हतं.

म्हणजे तार आता एग्या बुदूंच्या अंगणावरून यायला हवी होती. इद्रिसूला त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यानं खांबाला शिडी लावली. अंगणात एग्या बुदू पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, तार कुणाची. इद्रिसूनं नाव सांगितलं. मग त्यांनी मान वर केली.

"तार जाईल," ते म्हणाले. "आधी कुत्र्याचं नाव बदला म्हणावं."

इद्रिसूला वाटलं आपल्याला फांटी भाषा नीट कळली नाही. त्यानं पुन्हा विचारलं. एग्या बुदूंनी पुन्हा तेच सांगितलं, या वेळी सावकाश, परदेशी माणसाला सांगावं तसं. त्यांच्या डोक्यावरून चार वर्षं शिवी जातेय, आता तिच्या पाठोपाठ वीज जाऊ देणार नाहीत. तेवढ्यात कुत्राच तिथं आला आणि शिडीच्या पायाशी एक तंगडी वर करून उभा राहिला. इद्रिसूनं शिडी काढून घेतली.

आराबानं त्याला बाजूला घेतलं. उद्या या, एग्या समुद्रावर असतील, असं हळूच सुचवलं. इद्रिसू चांगला माणूस होता, पण नियमाचा होता. जागेच्या मालकानं त्याच्यासमोर हरकत घेतली नसती तर गोष्ट वेगळी. आता त्यानं ती कानांनी ऐकली होती. आराबा म्हणाली, विसरायला मदत करते, आणि धुरावलेल्या माशांची परडी पुढं केली. इद्रिसूनं परडी घेतली, वास घेतला, आणि म्हणाला, "मासे ठेवतो, आंटी. तुम्ही सही आणा."

दुसरी वाट आहे का, हेही त्यानं प्रामाणिकपणे पाहिलं. चर्चच्या कोपऱ्यावरून वळवून आणावी तर अंतर वाढत होतं. एवढी लांब तार मधे आधार नसताना झोळ खाते, आणि तो झोळ नेमका खाली होड्या ओढायच्या वाटेवर येत होता. मधे आणखी एक खांब हवा होता. खांब मिळेल, पण पावसानंतर, तोही वरून मंजुरी आली तर. शनिवारपर्यंत त्याची माणसं गावातल्या बाकी गल्ल्यांत काम करणार होती. शनिवारी संध्याकाळी गाडी परत.

आराबा त्या दुपारी भट्टीजवळ बसली, पण तिचं लक्ष धुरात नव्हतं. मांसा तिच्या शेजारी येऊन बसली. मांसा म्हणजे मासळीबाजारातल्या बायकांची मुखत्यार. भांडण लावायचं असो की मिटवायचं, मांसाशिवाय गावात कुणाचं पान हलत नसे, आणि दोन्हींत तिला सारखीच गोडी. तिला वाटत होतं, माफी मागून मोकळं व्हावं. पण आराबा एकदम हसायला लागली.

"अगं, माफी कसली?" ती म्हणाली. "तो कुत्रा त्यांच्यासाठी नव्हताच."

मांसानं हातातला मासा खाली ठेवला.

खरं असं होतं, की आराबाचा भाऊ ताकोराडीला, आणि भावाची बायको एसिल्फी. घराचा पाया घातला तेव्हा एसिल्फी आली होती, नाक मुरडून म्हणाली होती, मासेवालीचं घर, वाळूत उभं राहिलं की माशासारखंच उताणं पडेल. ती गेली त्याच आठवड्यात पिल्लू आलं आणि आराबानं त्याला ते नाव दिलं. पुढच्या खेपेला एसिल्फी येईल तेव्हा तिच्या कानावर पडावं म्हणून. एसिल्फी पुन्हा आलीच नाही. मधल्या मधे एग्या बुदूंनी ते नाव उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवलं. खाई त्याला खवखवे. गावानंही मान डोलावली, आणि आराबाला गंमत वाटली म्हणून तिनं कधी खुलासा केला नाही.

"मग झालं तर," मांसा म्हणाली. "भांडणच नव्हतं, तर तार अडेल कशाला?" आणि उठून गेली. आराबालाही तेच वाटलं. दोघी शहाण्या बायका, पण त्या दिवशी दोघींची अक्कल भट्टीत गेली होती.

दुसऱ्या दिवशी होड्या परतल्यावर मांसानं एग्या बुदूंना गाठलं. किनाऱ्यावर, दहा माणसांत. तिनं खुशीत सगळं सांगून टाकलं. नाव एसिल्फीसाठी होतं, तुमचा त्यात काही संबंध नव्हता, तुम्ही उगीच मनाला लावून घेतलंत.

 मग कुणीतरी होडीकडं बघितलं. लाल-पिवळी अक्षरं उन्हात चमकत होती. मग दुसऱ्यानं बघितलं. मग पहिलं हसू फुटलं, आणि ते किनाऱ्यावरून असं पसरत गेलं की जाळी ओढणाऱ्यांना दोर सोडून खाली बसावं लागलं. चार वर्षं हा माणूस कुणीच न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर होडीवर रंगवून समुद्रभर फिरत होता.

एग्या बुदू हसले नाहीत. त्यांनी मांसाला एवढंच विचारलं, "म्हणजे मी तिच्या ध्यानीमनीही नव्हतो?"

मांसा म्हणाली, अजिबात नाही. तिला वाटलं, ती दिलासा देतेय.

संध्याकाळी निरोप आला. तार त्यांच्या अंगणावरून जाणार नाही, ते जिवंत असताना नाही आणि मेल्यावर त्यांच्या भुतालाही विचारायचं नाही. आराबानं कुत्र्याचं नाव बदललं काय, कुत्रा विकला काय, त्यांना कर्तव्य नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. आराबा पडवीच्या पायरीवर बसली. समोर मीटरची पेटी होती, नवीकोरी, काचेवरचा प्लास्टिकचा कागदही न काढलेली. तिनं डोळे चोळले, आणि चोळल्यावर पेटीच्या दोन पेट्या दिसायला लागल्या. हल्ली असं व्हायचं. तिनं दोन्हींकडं थोडा वेळ बघितलं. मग तिच्या लक्षात आलं. शिवी दिली म्हणून माणूस चिडतो. पण शिवी दिली समजून चार वर्षं ऐटीत मिरवावं आणि मग कळावं की ती दुसऱ्याच कुणाच्या पत्त्यावर होती, याहून मोठा अपमान नाही. गावात एग्या बुदूंची शान काही प्रमाणात त्या कुत्र्यावर उभी होती, आणि तिनं तोच काढून घेतला होता.

आता एकच उपाय होता. शिवी त्यांना परत द्यायची.

शुक्रवारी दुपारी ती चांगलं लुगडं गुंडाळून, जिनची बाटली आणि मांसाला घेऊन एग्या बुदूंच्या अंगणात गेली. रीतीप्रमाणं मांसा मध्यस्थ, आराबा बोलणार ते तिनं पोचवायचं. जाळं शिवायला आलेले शेजारी होतेच, ती बातमी लागून आणखी चार आले. एग्या बुदू खुर्चीवर बसले होते, आराबाकडं पाठ करून. त्यांची खुर्ची नेहमीच तिच्या घराकडं पाठ करून असायची.

मांसानं घसा साफ केला आणि सांगितलं, की आराबा माफी मागायला आलीय, कारण तिनं खोटं सांगितलं. कुत्रा एसिल्फीसाठी नव्हताच. तो पहिल्यापासून एग्यांसाठीच होता. तार अडली तेव्हा घाबरून तिनं एसिल्फीचं नाव पुढं केलं.

अंगणात कुजबुज झाली. एग्या बुदूंची पाठ जराशी सरळ झाली, पण ते कच्चे नव्हते. न वळता म्हणाले, "तार हवी म्हणून बोलतेयस. खरंच माझ्यासाठी होता, तर सांग, मला काय बघवत नव्हतं?"

मांसानं आराबाकडं बघितलं. याची तयारी दोघींनीही केली नव्हती. खोटी शिवी द्यायची म्हणजे खरी शिवी सुचायला हवी, आणि सगळं गाव कान टवकारून बसलेलं. आराबानं मध्यस्थाची रीत सोडली आणि स्वतःच बोलायला लागली.

"तुम्ही माझ्या विटा मोजायचात," ती म्हणाली.

"मोजायचे, मोजायचे," जाळं शिवणारा एकजण म्हणाला.

"मी नव्या पाडल्या की दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर आकडा फुटलेला असायचा. सिमेंटात वाळू जास्त पडतेय, हे तुम्ही गवंड्याला सांगितलंत, मला नाही. छताचे पत्रे आले तेव्हा विचारलंत, इतकी चमक कशाला, माशांना दिपवायचंय का."

लोक हसले. एग्या बुदूंचे खांदेही हलले. शिवी नीट बसत होती आणि ते तिला अंगावर घेत होते, थंडीत चादर घ्यावी तसे.

आराबाला आता चेव आला. "आणि भिंत खिडकीला लागली त्या दिवशी तुम्ही खुर्ची उचललीत आणि पाठ फिरवून बसलात. ती आजपर्यंत. शेजारणीचं घर उभं राहतंय तर तिकडं तोंड करून बसायचंही तुमच्यानं झालं नाही. याला बघवत नाही म्हणायचं नाही, तर काय म्हणायचं?"

एवढं बोलून ती थांबली, कारण कुणी हसलं नाही. एग्या बुदू खुर्चीतून वळले होते.

"पाठ फिरवली, खरं आहे," ते म्हणाले. "इथं ये. बस या खुर्चीत. अशी नव्हे, आधी होती तशी फिरव."

आराबानं खुर्ची फिरवली आणि बसली. समोर तिचीच भिंत होती. डावीकडं भिंत, उजवीकडं भिंत, मधे एक बंद खिडकी.

"इथून मला माझी होडी दिसायची," एग्या बुदू म्हणाले. "वडलांच्या वेळेपासून. सकाळी उठून पहिली होडी बघायची, मग तोंड धुवायचं. तुझी भिंत आली आणि होडी गेली. आता मी कशाकडं तोंड करून बसू? बघण्यासारखं आहे काय?"

चार वर्षं होडीवर लिहिलेलं ते वाक्य गावानं टोमणा म्हणून वाचलं होतं. आराबानंही. आता ते तिला पहिल्यांदा नीट ऐकू आलं.  ती हळूच म्हणाली, "एग्या, हे तुम्ही तेव्हा सांगितलं असतंत, तर मी खोली हातभर सरकवली असती."

"तेव्हा तू कुत्र्याला हाका मारत होतीस."

"मग मी बोलले ते खरंच होतं की. तुम्हाला बघवत नव्हतं."

"दिसत नव्हतं," एग्या बुदू म्हणाले. "पण ठीक आहे. जवळपास तेच."

आणि ते हसले. पिकलेल्या मिशा हलल्या, मग पोट हललं, मग सगळं अंगण हसलं. बाटली उघडली, पहिली धार पूर्वजांसाठी जमिनीवर पडली, आणि उरलेलं पूर्वजांच्या वंशजांनी बघून घेतलं. इद्रिसूच्या कागदावर सही करायला एग्या बुदू तयार झाले. फक्त एक अट घातली. कुत्र्याचं नवं नाव ते ठेवणार, आणि आराबानं ते रोज संध्याकाळी, पूर्वीइतक्याच मोठ्यानं हाकारायचं. आराबानं मान्य केलं. दुसरं करणार काय?

एग्या बुदूंनी पेला खाली ठेवला, मिशा पुसल्या, आणि कुत्र्याकडं बोट केलं. "याचं नाव आजपासून 'चूक माझीच'."

अंगण इतकं हसलं की कुत्रा घाबरून जाळ्याखाली शिरला. मांसा तोंडावर पदर धरून बाहेर पळाली. आराबा गालातल्या गालात हसली.

शनिवारी तार लागली. एग्या बुदू खाली उभे राहून इद्रिसूला हुकूम सोडत होते: वर घे, अजून वर, जाळ्याच्या काठ्या लागतील, तिकडून ताण. इद्रिसू निमूटपणे स्वतःला हवं तसंच करत होता आणि प्रत्येक वेळी "हो एग्या" म्हणत होता. तार ताणली, दोन्हीकडं घट्ट बांधली, मीटरच्या पेटीत टोकं बसवली. भर दुपारी पडवीत दिवा लागला. आराबानं तो विझवलाच नाही. मांसा म्हणाली, दिवसाढवळ्या दिवा जाळतेस, डोकं ठिकाणावर आहे ना? आराबा म्हणाली, मला तो अजून एकच दिसतोय, तोवर बघून घेऊ दे.

रविवारी सिस्टर देदे आली. तिनं एकेक बटण दाबून बघितलं आणि मग ड्रायव्हरला सामान उतरवायला सांगितलं. सोमवारी आराबानं आपल्या तीन भट्ट्यांपैकी दोन भाचीच्या हवाली केल्या. तिसरीही द्यायची होती, पण सवय एकदम सुटत नाही.

रविवारच्या त्या संध्याकाळी एग्या बुदूंनी धुतलेला सदरा घातला, खुर्ची आराबाच्या घराकडं फिरवली आणि भिंतीकडं तोंड करून आनंदानं बसले. शेजारी चार पाहुणेही बोलावले होते. आराबा थाळी घेऊन बाहेर आली, खाली ठेवली आणि पळीनं काठावर टकटक केली. कुत्रा धावत आला.

"नाव ठेवलंय ना?" एग्या बुदूंनी ओरडून विचारलं.

"ठेवलंय, एग्या. पण त्याला अजून ते कळत नाही. हाक मारून आला नाही तर तुमच्याच नावाची शोभा जाईल."

म्हणून एग्या बुदूंनी कुत्र्याला नाव शिकवायचं मनावर घेतलं. होडी आली की माशाची डोकी बाजूला काढून ठेवायची, नाव घ्यायचं, डोकं टाकायचं. कुत्रा हुशार नव्हता, पण भुकेला होता. पंधरवड्यात तो ते नाव शिकला, आणि सोबत हेही शिकला की ते नाव घेणाऱ्याकडंच मासे असतात. तो आराबाकडं यायचाच बंद झाला. दिवसभर एग्या बुदूंच्या खुर्चीखाली पडून असायचा. आराबाला हाक मारायचं कारणच उरलं नाही.

मग एके सकाळी, होड्या येऊन किनारा माणसांनी गच्च भरलेला असताना, कुत्र्यानं एग्या बुदूंच्या टोपलीतली सगळ्यांत मोठी तांबोशी उचलली आणि धूम ठोकली. एग्या बुदू मागं धावले. लुंगी सावरत, वाळूत पाय रुतवत, सगळ्या गावासमोर छाती फुटेस्तोवर ओरडत, "चूक माझीच! अरे चूक माझीच! थांब! चूक माझीच!"

बायकांनी भट्ट्यांवरून माना वर केल्या. आराबा पडवीत सिस्टर देदेशी बोलत उभी होती. तिनं हातांचा कर्णा करून तोंडाशी धरला आणि बऱ्याच दिवसांनी घसा ताणला.

"असू द्या, एग्या! मी केव्हाच माफ केलंय!"